ऐकणाऱ्याचा चेहरा

दार वाजतं. बाहेर एक मुलगी उभी आहे. खांद्याला पिशवी, हातात धुण्याच्या पावडरीचा पुडा, आणि तोंडात कंपनीनं पाठ करून घेतलेलं बोलणं. दार उघडणारा सिद्धार्थ अर्थशास्त्राच्या पुस्तकात बुडालेला, सरळमार्गी मुलगा. त्याच्याबरोबर राहणारे दोघे मित्र तिला पाहताच दिसेनासे झालेत. का, ते त्याला माहीत नाही. आपल्याला माहीत आहे. मग 'चमको'चं प्रात्यक्षिक सुरू होतं. मळका टॉवेल मागितला जातो, पाणी येतं, पावडर पडते, फेस होतो. ती सांगत जाते आणि तो ऐकत जातो. धुण्याच्या पावडरीचं गुणवर्णन इतकं मन लावून कुणी ऐकलं नसेल. मध्येच तो एखादा प्रश्न विचारतो, तोही अगदी मनापासून, आणि तिला पाठांतर सोडून स्वतःच्या शब्दांत उत्तर द्यावं लागतं. तेवढ्या एका क्षणात विक्रेतीची नेहा होते.

'चश्मे बद्दूर' १९८१ सालचा. हा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल ते सांगता येणार नाही. दीप्ती नवल यांना आजही लोक 'मिस चमको' म्हणून ओळखतात, ती ओळख इथली. पण माझी नजर दर वेळी फारूक शेख यांच्या चेहऱ्यावर जाऊन थांबते. विनोदी पटकथेत असा प्रसंग लिहायचा म्हटलं, की लेखणी आपोआप बोलणाऱ्याकडे वळते. विक्रेतीच्या तोंडी गमतीदार वाक्यं घाला, मुलाला तिची थट्टा करू द्या, फेस दोघांच्या अंगावर उडवा. या चित्रपटाच्या लेखिका-दिग्दर्शिका सई परांजपे यांतलं काही करत नाहीत. त्या एक माणूस नुसता ऐकताना दाखवतात. त्या ऐकण्यातून हसू येतं, आणि हसता हसता आपल्याला कळतं, की हा मुलगा प्रेमात पडतोय.

सई परांजपे यांच्या सिनेमाची किल्ली मला इथे सापडते. त्यांच्या गोष्टींत बोलणारे पुष्कळ आहेत. गप्पिष्ट, थापाडे, बढाईखोर, एकापेक्षा एक सरस. पण गोष्टीचं काळीज ऐकणाऱ्यापाशी असतं. जो ऐकतो, ज्याला ऐकलेलं खरं वाटतं, त्याच्या बाजूनं त्या उभ्या राहतात. विनोदी लेखनात हे फार क्वचित घडतं. विनोदाचा सोपा रस्ता भोळ्या माणसाच्या पाठीवरून जातो. जो फसला त्याला हसायचं. सईबाईंनी तो रस्ता धरला नाही. फसलेल्या माणसाचं हसं न करता हसवायचं, हे अवघड काम त्यांनी आयुष्यभर केलं.

हे कुठून आलं असेल, याचा विचार करताना मला फर्ग्युसनची टेकडी आठवते. सईबाईंचे एक मामा, अच्युत रानडे, चाळीस-पन्नासच्या दशकांतले चित्रपट दिग्दर्शक. त्यांचं घर त्या बाजूला होतं. लहानगी सई त्यांच्याकडे जायची आणि ते तिला गोष्टी सांगायचे, त्याही एखादी पटकथा वाचून दाखवावी तशा. म्हणजे हिनं सिनेमा पडद्यावर पाहण्याआधी टेकडीवर कानांनी ऐकला. आता नायक दार उघडतो, आता पाऊस सुरू होतो, आता ती मान वळवते, असं कुणी आपल्यासाठी रंगवून सांगावं आणि आपण डोळे विस्फारून ते आतल्या आत बघावं! मोठं झाल्यावर हातात कॅमेरा आला तरी ते ऐकणारं मूल त्यांच्यातून गेलं नाही, असं मला नेहमी वाटतं.

घर तर असं, की त्यात शब्दांना तोटा नव्हता. आजोबा रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले पहिले भारतीय, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. आई शकुंतला परांजपे, त्याही केंब्रिजला गणित शिकलेल्या, र. धों. कर्व्यांच्या बरोबरीनं संततिनियमनाचं काम करणाऱ्या, शांतारामबापूंच्या 'कुंकू'मध्ये भूमिका केलेल्या. वडील रशियन चित्रकार. आजोबा १९४४ मध्ये भारताचे हायकमिशनर म्हणून ऑस्ट्रेलियाला गेले, तेव्हा सईचं थोडं बालपण तिकडे गेलं. 'मुलांचा मेवा' हे तिचं पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. या सगळ्याचं कौतुक खूप झालं आहे, होणारच. पण गणिती आजोबा आणि गणिती आई यांच्या घरात वाढलेल्या मुलीच्या पटकथा इतक्या चोख का असतात, या प्रश्नाकडे फारसं कुणी वळत नाही. तिच्या विनोदात हातचा धरायचा राहत नाही. पहिल्या दहा मिनिटांत टाकलेला आकडा शेवटच्या दहा मिनिटांत बरोबर जमेला येतो. 'चश्मे बद्दूर'मधल्या पानवाल्या लल्लन मियाँची उधारी पाहा. तीन पोरांच्या सिगरेटींचा तो थकलेला हिशेब सुरुवातीला नुसती गंमत म्हणून येतो. पण त्या उधारीमुळेच हा पानवाला गोष्टीत टिकून राहतो, पोरांच्या भानगडींत ओढला जातो, आणि शेवटच्या गोंधळात त्याच्यावाचून चालत नाही. सईद जाफरींनी तो असा काही उभा केलाय, की तोंडात पान असल्यावर जिभेला जो एक सुखावलेला जडपणा येतो, तो त्यांच्या उर्दूत कानाला जाणवतो.

कॉलेजनंतर पुणे आकाशवाणी. निवेदन आणि मुलांचे कार्यक्रम. हा टप्पा सईबाईंवर लिहिणारे एका ओळीत उरकतात, मला तो फार मोलाचा वाटतो. रेडिओवर चेहरा नाही, हातवारे नाहीत, नेपथ्य नाही. ऐकणारा कुठे बसलाय, भाकरी भाजतोय की बूट बांधतोय, ते कळायला मार्ग नाही. त्या न दिसणाऱ्या माणसाला धरून ठेवायचं ते फक्त बोलण्याच्या लयीवर. त्यातून श्रोता लहान मूल असेल तर अधिकच कठीण. त्याला कंटाळा आला की तो भिडेखातर बसून राहत नाही. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९६३ मध्ये शिक्षण पुरं झालं. मग दूरदर्शन, तेही दिल्लीतच, माध्यम रांगत होतं तेव्हापासून. तिथे केलेल्या 'द लिटल टी शॉप'ला तेहरानमध्ये आशियाई प्रसारण संघटनेचं पारितोषिक मिळालं. चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी 'जादू का शंख' आणि 'सिकंदर' झाले. म्हणजे पहिला मोठा चित्रपट हाती आला तेव्हा चाळिशी आली होती, आणि पाठीशी रेडिओ, रंगभूमी, टीव्ही, बालनाट्य असा सगळा शिधा बांधलेला होता. आपल्याकडे पहिला सिनेमा किती लवकर केला याचं अप्रूप फार. उशिरा येण्यानं काय मिळतं ते बघायचं असेल तर 'स्पर्श' बघावा.

'स्पर्श' विनोदी नाही, तरी त्याच्यावाचून पुढे जाववत नाही. अंध मुलांच्या शाळेचा अंध प्राचार्य अनिरुद्ध परमार, आणि नवरा गेल्यावर स्वतःला मिटवून घेतलेली कविता. दोघांची गाठ पडते ती आवाजावरून. गाणं ऐकू येतं आणि तो त्या सुराच्या मागानं चुकीच्या दाराशी येऊन उभा राहतो. चित्रीकरण दिल्लीतल्या अंध मुलांच्या खऱ्याखुऱ्या शाळेत झालं. तिथलीच मुलं चित्रपटात आहेत, आणि अनिरुद्धची व्यक्तिरेखा सुचली तीही त्या शाळेच्या प्राचार्यांना पाहून. सगळा चित्रपट एकाच आग्रहावर उभा आहे: माझी कीव करू नका. समोर बसलेल्या बाईसाठी कपात कॉफी ओततो तो अनिरुद्ध स्वतः. तिचा हात मदतीला पुढे होऊ बघतो आणि त्याला ते खपत नाही. नसीरुद्दीन शाह यांनी त्या ओतण्यात ताठरपणा आणि नजाकत दोन्ही ठेवली आहेत. ती कॉफी सांडत नाही, याचा आपल्याला आनंद होतो आणि लगेच त्या आनंदाची थोडी लाजही वाटते, कारण सांडेल असं आपण धरून चाललेलो असतो.

आणि या चित्रपटातही हसू आहे. शाळेतली मुलं खोड्या काढतात, भांडतात, एकमेकांना चिडवतात. अंध मूल म्हटलं की गाभाऱ्यातला दिवा असल्यासारखं हळुवार दाखवायचं, ही पद्धत इथे नाही. त्यांना व्रात्य असण्याचा हक्क आहे. माझ्या मते सईबाईंच्या विनोदाची नैतिक बैठक 'स्पर्श'मध्येच घातली गेली. ज्याची कीव करायची नाही, त्याच्यासोबत मनमोकळं हसता येतं. या चित्रपटाला उत्कृष्ट हिंदी चित्रपट, अभिनेता आणि पटकथा असे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. चित्रपटगृहांपर्यंत पोहोचायला मात्र त्याला पुढे कित्येक वर्षं लागली. फिल्मफेअरचे उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि संवाद हे मान मिळाले तेव्हा १९८५ उजाडलं होतं. मधल्या काळात 'चश्मे बद्दूर' आणि 'कथा' येऊन गेलेले होते. थोरल्या भावंडाचं लग्न धाकट्यांनंतर व्हावं तसं झालं.

'चश्मे बद्दूर'कडे लोक निर्मळ, हलकाफुलका चित्रपट म्हणून बघतात, आणि तो तसा आहेच. दिल्लीतल्या एका खोलीत राहणारे तीन विद्यार्थी, कॉफी आणि टुटीफ्रुटी, बागेतली भेट, येसूदास आणि हैमंती शुक्ला यांनी गायलेली गाणी. पण त्याचा सांगाडा तपासला तर आत काय दिसतं? एक थाप. सिद्धार्थचे ते मित्र, ओमी आणि जोमो, दोघेही नेहाच्या मागे लागतात आणि दोघेही तोंडावर आपटतात. घरी परतल्यावर हरलो असं म्हणवत नाही, म्हणून दोघेही आपण जिंकल्याची गोष्ट रचून सांगतात. ती रचलेली गोष्ट सईबाई आपल्याला सविस्तर दाखवतात, गाणी आणि नटण्यामुरडण्यासकट, आणि हिंदी सिनेमातल्या प्रेमाची सगळी ठरलेली वळणं त्यात येऊन जातात. प्रेक्षागृह हसून लोटपोट होतं. राकेश बेदी आणि रवी बासवानी यांची ती कमाल. बासवानींचा तर तो पहिलाच चित्रपट.

पण ती गोष्ट कुणीतरी ऐकलेली असते, आणि इथेच पटकथा वळण घेते. सिद्धार्थ मित्रांवर विश्वास ठेवणारा मुलगा. आपलं लग्न जिच्याशी ठरतंय तीच ती मुलगी, हे उमगल्यावर मित्रांची फुशारकी त्याच्या काळजात जाऊन रुतते. आपण ज्या प्रसंगाला मघाशी खदखदून हसलो, त्याच प्रसंगानं आता एक घर बसायच्या आत मोडतंय. विनोदी चित्रपटाच्या ऐन मध्यावर प्रेक्षकाला त्याच्याच हसण्याचा हिशेब मागणं, हे धाडस आहे. ते इतक्या हळुवारपणे केलंय, की बहुतेकांना जाणवतही नाही. ओमी-जोमोंनाही त्या खलनायक करत नाहीत. दोघे पोरकट आहेत, दुष्ट नाहीत. लाज झाकायला मारलेली थाप मित्राचा जीव कासावीस करते हे लक्षात आल्यावर ते निस्तरायला धावतात, आणि निस्तरायला काय करतात? दुसरं नाटक रचतात. नेहाच्या आजीला, लीला मिश्रांना, त्यात सामील करून घेतात. पळवून नेण्याचा बनाव ठरतो आणि त्यात खरोखरचे गुंड घुसतात. थापेनं मोडलेलं थापेनंच जुळवायचं, आणि मध्ये खरं आयुष्य येऊन दार वाजवणार.

या दोन तासांत एकही माणूस दुसऱ्याला हीन लेखत नाही. त्या काळात हिंदीत दिग्दर्शन करणारी बाई विरळाच होती. स्वतः लिहून विनोदी चित्रपट करणारी तर आणखी विरळा. पुरुष दिग्दर्शकानं ही गोष्ट केली असती तर नेहाची बदनामी हा सोपा मुद्दा झाला असता, ती रडली असती, आपलं पावित्र्य शाबीत करत बसली असती. सईबाईंची नेहा गाणं शिकते, दारोदार जाऊन पावडर विकते, नको असलेल्या मुलांना वाटेला लावते, आणि आपल्याला कोण आवडलं ते तिला नीट कळतं. मुलगी म्हणून तिच्याकडे वेगळं बघायला कॅमेरा कुठे थांबतच नाही. एकविसाव्या शतकात हे पुन्हा पाहताना मला त्याचं मोल जास्तच वाटतं. २०१३ मध्ये ५ एप्रिलला हा जुना चित्रपट साफसूफ होऊन पुन्हा चित्रपटगृहांत आला. त्याच दिवशी त्याची नवी आवृत्तीही झळकली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात फारूक शेख गेले. त्या ऐकणाऱ्या चेहऱ्याला मोठ्या पडद्यावर पुन्हा एकदा दाद मिळाली आणि मग ते गेले, एवढं तरी समाधान.

मराठी रंगभूमीवर सईबाईंनी जे केलं त्याची बरीचशी ओळख आता पुसट होत चालली आहे. 'सख्खे शेजारी' हे एक, 'माझा खेळ मांडू दे' हे दुसरं. 'जास्वंदी'त एका एकाकी बाईच्या घरात दोन बोके आहेत आणि ते बोलतात. घरात काय चाललंय ते त्यांनी पाहिलेलं असतं, ऐकलेलं असतं, आणि माणसं ज्याचा उच्चार करत नाहीत त्यावर ते आपसांत भाष्य करतात. बाईच्या दुःखाचे साक्षीदार म्हणून बोके निवडायचं सुचायला किती मोकळं मन लागत असेल! टीव्हीसाठी 'अडोस पडोस' आणि 'छोटे बडे' या मालिका झाल्या. नंतरचे काही चित्रपट मला मनापासून भिडले नाहीत; 'साज'मध्ये दोन गायिका बहिणींचा विषय मोठा होता, पण चर्चा विषयाऐवजी या बहिणी म्हणजे नक्की कोण याचीच झाली. २००६ मध्ये पद्मभूषण मिळालं. दहा वर्षांनी 'सय' हे कलाप्रवासाचं पुस्तक आलं, ते वाचताना बाई समोर बसून सांगताहेत असंच वाटतं. ऐंशी उलटल्यावरही 'इवलेसे रोप' हे नाटक त्यांनी रंगभूमीवर आणलं. कामाची ही चिकाटी पाहिली की मन भरून येतं.

'दिशा'बद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. १९९० चा हा चित्रपट गावाकडून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या माणसांचा. कामगारांनी दाटीवाटीनं भरलेला गाळा, पाळीपाळीनं झोपणं, मागे राहिलेली बायको. नाना पाटेकर आणि रघुवीर यादव शहरातले, आणि गावी ओम पुरी. त्यांचा परशराम विहीर खणतोय. वर्षानुवर्षं खणतोय. इथे पाणी आहे यावर त्याचा विश्वास आहे, आणि गाव त्याला वेडा ठरवून मोकळं झालंय. त्याच्यावर हसणारे आपणही असतो. मग त्या विहिरीला पाणी लागतं. भाबडेपणाला आणि निष्ठेला बाहेरून एकच रूप असतं, हे सईबाईंना विनोद लिहिता लिहिताच कळलं असणार. परशराम हा राजारामचा गावाकडचा भाऊ आहे, असं मी धरून चालते.

राजाराम म्हणजे 'कथा'मधला राजाराम जोशी. १९८३ चा हा चित्रपट मला त्यांच्या सगळ्या कामात उजवा वाटतो. मूळ मराठी नाटक शं. गो. साठ्यांचं, 'ससा आणि कासव'. मुंबईची चाळ. राजाराम कारकून, रांगेत उभा राहणारा, उसनं परत करणारा, शेजारची संध्या सबनीस मनात असूनही तोंड न उघडणारा. तो मनातल्या मनात काय काय पराक्रम करतो! प्रत्यक्षात त्याच्या घशातून शब्द फुटत नाही. आणि त्याच्या खोलीत एक दिवस येऊन टपकतो जुना दोस्त बाशू. चार दिवसांसाठी म्हणून येतो आणि राजारामचे कपडे, राजारामचे पैसे, राजारामची खाट, सगळं त्याचं होऊन जातं.

आता निवड पाहा. दोन वर्षांपूर्वी ज्या चेहऱ्याला आपण निरागस श्रोता म्हणून जीव लावला, तोच फारूक शेख यांचा चेहरा इथे थापाड्या झालाय. आणि 'स्पर्श'मध्ये कुणाचा हात न धरणारा नसीरुद्दीन इथे सगळ्यांचं ऐकून घेणारा, खांदे पाडून चालणारा कासव. बाशूचं हसू सिद्धार्थइतकंच गोड आहे; म्हणून चाळीबरोबर आपणही फसतो. म्हातारीला तो पाहिजे तेवढा वेळ देतो, पोरांशी खेळतो, कुणाला नोकरीचं स्वप्न दाखवतो, कुणाच्या स्वयंपाकाची तारीफ करतो. राजारामच्या चांगुलपणाकडे कुणाचं लक्ष नसतं, कारण तो रोजचाच आहे. बाशूची थाप रोज ताजी असते. बूट बनवणाऱ्या कंपनीचे साहेब, त्यांची बायको आणि मुलगी, असा एका घरातला प्रत्येक श्रोता तो वेगळ्या गोष्टीनं जिंकतो. सईबाईंनी चाळीला मूर्ख ठरवलेलं नाही. गॅलरीच्या कठड्याला रेलून आयुष्य काढणाऱ्या माणसांना कुणीतरी बाहेरचं वारं आणून द्यावं ही भूक असते, आणि बाशू तेवढंच करतो.

आमच्या वाड्यात असे एक गृहस्थ होते. मुंबईच्या स्टुडिओत त्यांची उठबस होती, कुण्या संस्थानिकानं त्यांना घोडा देऊ केला होता, लंडनहून त्यांना बोलावणं आलं होतं पण आईच्या दुखण्यामुळे गेले नाहीत. संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर येऊन बसत आणि आजी तांदूळ निवडता निवडता ऐकत राही. मी जरा मोठी झाल्यावर तिला म्हटलं, "आजी, हे सगळं खोटं आहे गं." ती म्हणाली, "असेल. पण त्याला सांगायचं असतं ना. ऐकायला आपलं काय जातं?" जात तर होतं. उसने नेलेले पैसे कधी परत आले नाहीत, आणि आजीनं तो विषयही कधी काढला नाही. 'कथा' दूरदर्शनवर लागला त्या रविवारी सगळा वाडा आमच्याकडे दाटीवाटीनं बसला होता. ते गृहस्थही होते. बाशूच्या प्रत्येक थापेला ते सगळ्यांत मोठ्यानं हसत होते, अगदी मांडीवर थाप मारून. आजी पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कसली टोचणी नव्हती. तिला त्यांचं हसणं बघायला आवडत होतं. सईबाईंचा विनोद कुणाच्या नजरेतून आला असेल असा प्रश्न पडला, की मला त्या बघण्याची आठवण होते.

बाशूची किंमत शेवटी संध्या मोजते. साखरपुडा ठरतो आणि बाशू निघून जातो, पुढच्या गावाला, पुढच्या थापेला. इथवर ससा-कासवाची गोष्ट ठरल्याप्रमाणे चालली आहे. आता कासवानं पुढे यायचं आणि जिंकायचं. राजाराम पुढे येतोही, पहिल्यांदाच तोंड उघडतो. आणि संध्या त्याला थांबवते. आपण आता पूर्वीच्या राहिलो नाही, बाशूबरोबर आपलं काय घडलं, ते ती त्याला सांगून टाकते. दीप्ती नवल तो प्रसंग रडून-ओरडून करत नाहीत. इतका वेळ ज्या चाळीत नुसत्या रचलेल्या गोष्टी ऐकू आल्या, तिथे खरं बोलायचं धाडस या मुलीला करावं लागतं, आणि १९८३ मध्ये, एका हिंदी विनोदी चित्रपटात, मध्यमवर्गीय मराठी घरातल्या मुलीच्या तोंडी हे येतं.

काही मैत्रिणी माझ्याशी यावरून वाद घालतात. त्यांचं म्हणणं, राजारामनं लग्नाला हो म्हणणं म्हणजे उपकार केल्यासारखं आहे, त्यात थोरवी कसली. मला ते पटत नाही. मी नसीरुद्दीनचा चेहरा पाहिलेला आहे. तो क्षमा करणाऱ्याचा चेहरा नाही. संध्या जे सांगतेय ते तो शेवटपर्यंत ऐकून घेतो, मध्ये बोलत नाही, तिच्याकडून एखादा शब्दही जास्तीचा काढून घेत नाही. उदारपणा मिरवायची संधी पटकथेनं त्याला हातात आणून दिलेली असते आणि तो ती घेत नाही. ज्या माणसाचं आजवर चाळीत कुणी ऐकून घेतलं नाही, त्याला दुसऱ्याचं ऐकून घेणं इतकं चांगलं येतं. आणि ती जे सांगते, त्यातल्या प्रत्येक शब्दावर तो विश्वास ठेवतो.